मान मोडली की येणारा आवाज गादीचा नसतो

प्रश्न: ताई, मी ४२ वर्षांचा आहे. गुजरीत सोन्याचं कारागिरीचं काम करतो. दीड महिना झाला, मान धरलीय. उजव्या खांद्यापासून दंडातून अंगठ्यापर्यंत कळ जाते. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. रात्री हात डोक्यावर घेऊन झोपलं की जरा बरं वाटतं. एमआरआय काढला, त्यात ‘सी५-सी६ डिस्क बल्ज, उजव्या नसेवर दाब’ असं आलंय. गोळ्या चालू आहेत. आमचे मामा जुने तालमीतले. ते म्हणतात, ‘गादी सरकलीया. आपल्या वळखीचा माणूस हाय, दोन झटक्यात बसवून देतोय.’ मोबाइलवर असे व्हिडिओही बघितले. मान फिरवतात, कट्‌कन आवाज येतो आणि पेशंट हसत उठतो. पेठेतला न्हावीही दाढी झाल्यावर मान मोडून देतो, तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. बायको म्हणते, मानेला कुणाला हात लावू द्यायचा नाही. झटक्यानं गादी खरंच जागेवर बसते का? धोका किती असतो? डॉक्टर ऑपरेशन सांगतील म्हणून परत जायचं धाडस होत नाही.
– एक कारागीर, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर: भाऊ, आधी सरळ उत्तर देते. झटक्यानं गादी जागेवर बसत नाही. कळ हातात उतरलेली आहे, नसेवर दाब असल्याचं रिपोर्टमध्ये आलंय, अशा वेळी मानेला झटका कुणाकडूनही घेऊ नका. मामांच्या ओळखीच्या माणसाकडूनही नाही आणि न्हाव्याकडूनही नाही. तुमच्या पत्नी अगदी बरोबर सांगताहेत. पण नुसतं ‘नको’ म्हटलं तर पुढच्या वेळी दुखणं असह्य झालं की पाय तिकडंच वळतील, म्हणून मानेत नेमकं काय होतं ते नीट समजून घ्या.

मानेत सात मणके असतात. वरच्या दोन मणक्यांच्या मध्ये गादी नसतेच. आपण मान डावी-उजवीकडं वळवतो त्यातली जवळजवळ निम्मी हालचाल या दोघांच्या सांध्यात होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यापासून खाली मात्र दर दोन मणक्यांमध्ये एक गादी आहे, तीच तुमच्या रिपोर्टमधली ‘डिस्क’. हिच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गर आणि भोवती चिवट तंतूंचं कडं. ट्रकच्या टायरमध्ये एकमेकांना छेद देत जाणारे दोऱ्यांचे थर असतात, तशी या तंतूंची बांधणी असते. हे तंतू वरच्या आणि खालच्या मणक्याच्या काठांत घट्ट रुजलेले असतात. त्यामुळं गादी दोन मणक्यांतून ‘सरकून’ बाहेर येत नाही. वयानं, भारानं कड्यात बारीक चिरा पडतात आणि आतला भाग त्या वाटेनं मागं ढकलला जातो, तो फुगवटा म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला ‘बल्ज’. जी वस्तू जागेवरून हललीच नाही ती जागेवर बसवणार कशी?

मानेच्या गादीची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तुमच्या दुखण्याचं मूळ तिच्यात आहे. कमरेच्या गादीचं कडं सगळ्या बाजूंनी बऱ्यापैकी भरीव असतं. मानेत तसं नाही. पुढच्या बाजूला ते जाड आणि मजबूत, पण मागं पातळ. मागच्या मध्यभागी एका उभ्या अस्थिबंधाचा आधार आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना तोही कमी. म्हणून फुगवटा बहुतेक वेळा मागं आणि किंचित बाजूला येतो आणि हाताकडं जाणारी नस नेमकी तिथूनच बाहेर पडते. पाचव्या-सहाव्या मणक्यांमधून सहावी नस निघते. तिचा पट्टा दंडावरून अंगठ्यापर्यंत आणि तर्जनीपर्यंत जातो. तुमची तक्रार आणि तुमचा रिपोर्ट एकमेकांशी जुळतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. असं दरवेळी जुळत नाही.

आता तो आवाज. मणक्यांच्या मागच्या बाजूला डावीकडं-उजवीकडं छोटे सांधे असतात. बोटांच्या सांध्यांसारखंच त्यांनाही आवरण असतं आणि आत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे पृष्ठभाग एकदम एकमेकांपासून दूर खेचले की आतला दाब पटकन उतरतो, द्रवात विरघळलेला वायू पोकळी करतो आणि ‘कट्’ होतं. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोट मोडताना एमआरआयचं चित्रीकरण केलं, तेव्हा ही पोकळी तयार होताना प्रत्यक्ष दिसली. एकदा आवाज आला की तोच सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही, कारण तो वायू द्रवात परत मिसळायला वेळ लागतो. गादीत असला द्रवाचा सांधाच नसतो. त्यामुळं ‘आवाज आला, गादी बसली’ या म्हणण्याला शरीरात काही आधार नाही. अनेकदा तर दुखत असलेला सांधा आखडलेलाच राहतो आणि वाजतो तो शेजारचा, आधीच सैल असलेला.

मग मोकळं का वाटतं? ते वाटणं खोटं नाही. सांध्याला अचानक ताण बसल्यावर तिथल्या संवेदना मज्जारज्जूकडं एकदम जातात, भोवतालचे आवळलेले स्नायू काही वेळ ढिले पडतात आणि दुखण्याची जाणीव दबते. मान नुसती अवघडलेली असेल तर एवढ्यानंही माणसाला हायसं वाटतं. पण फुगवटा आहे तिथंच आणि नसेवरचा दाबही तसाच असतो. तुम्हीच लिहिलंय की न्हाव्यानं मान मोडल्यावर तेवढ्यापुरतं बरं वाटतं. ‘तेवढ्यापुरतं’ हे तुमचं निरीक्षण अचूक आहे.

झटका देणारा माणूस नक्की काय करतो ते बघा. एक हात हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागं. आधी मान एका बाजूला कलती करतो, मग वळवतो, थोडी मागंही नेतो. ताण लागून मान जिथं अडते तिथं क्षणभर थांबतो आणि तिथून पुढं एक छोटा, वेगवान धक्का देतो. हा धक्का सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत-बाहेर संपतो. धोका ओळखून माणसाला आपले स्नायू आवळायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, म्हणजे स्नायू राखणीला येईपर्यंत काम उरकलेलं असतं. म्हणूनच हा झटका ‘नको’ म्हणून मध्येच थांबवता येत नाही. हळुवार उपचारात तुम्ही ‘बस्स’ म्हणालात तर हात थांबतो. इथं थांबत नाही. माझ्या दृष्टीनं दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

त्या क्षणी गादीवर वेगवेगळे ताण एकदम येतात. मान ज्या बाजूला कललेली, त्या बाजूची कड दाबली जाते आणि समोरच्या बाजूची ताणली जाते. वरून पीळ बसतो. पिळात एका दिशेचे तंतू ताठ होतात आणि उलट दिशेचे सैल पडतात, म्हणजे भार सगळ्यांवर वाटला न जाता निम्म्या तंतूंवर येतो. निरोगी गादीला हे सहसा झेपतं. मानेच्या मणक्यांच्या वरच्या पृष्ठभागाला दोन्ही बाजूंना उचललेले काठ असतात, ते आडवं सरकणं रोखतात. मागचे छोटे सांधेही आपला वाटा उचलतात. पण कड्याला आधीच चीर असेल तर ताठ झालेले तंतू नेमके चिरेच्या आजूबाजूचे असू शकतात. झटक्यानंतर फुगवटा वाढून मज्जारज्जूवर दाब आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. असं रोज होत नाही, क्वचितच होतं. पण तुमची गादी आज कुठल्या अवस्थेत आहे हे मामांच्या ओळखीच्या माणसाला हातानं चाचपून कळणार नाही.

त्याहून जवळचा धोका नसेचा आहे. नस ज्या भोकातून बाहेर पडते ते भोक कायम एकाच मापाचं नसतं. मान पुढं झुकवली की ते मोठं होतं. मागं नेली, दुखऱ्या बाजूला कलवली आणि त्याच बाजूला वळवली की ते अरुंद होतं. आम्ही तपासताना अगदी जपून हीच स्थिती देऊन बघतो. कळ हातात उतरली की नस दबतेय हे कळतं. कृपा करून हे घरी स्वतः करून बघू नका. आता हिशेब मांडा. आधीच सुजलेली नस, अर्धं भोक फुगवट्यानं अडवलेलं आणि त्यात कुणी मान त्याच बाजूला मागं नेऊन पिळतोय. हात डोक्यावर घेतल्यावर तुम्हाला बरं वाटतं त्याचं कारणही इथंच आहे. हात वर गेला की नसेवरचा ताण सैल होतो. तुमच्या नसेला सैल जागा हवीय आणि झटका तिला नेमकं उलटं देतो.

मानेतल्या रक्तवाहिनीबद्दलही सांगते. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या सहाव्या मणक्यापासून वर मणक्यांच्याच भोकांतून जातात आणि पहिल्या मणक्यावर वळण घेऊन कवटीत शिरतात. मान जोरात वळवली की या वळणावर ताण येतो. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली तर तिथं गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ च्या निवेदनात म्हटलं की झटक्याचा उपचार आणि ही इजा यांच्यात संबंध दिसतो, कारण मात्र सिद्ध झालेलं नाही. तरीही उपचाराआधी रुग्णाला या शक्यतेची कल्पना द्यायला हवी. यात एक गुंतागुंत आहे. काहींच्या धमनीला आधीच चीर गेलेली असते, तिच्यामुळंच मान दुखते आणि त्या दुखण्यासाठीच ते मान मोडून घ्यायला जातात. कुणाच्याही हातून झटका घेण्याआधी नीट तपासणी का हवी, ते यावरून कळतं. २०१७ मध्ये दिल्लीतल्या ५४ वर्षांच्या एका गृहस्थांची बातमी आली होती. सलूनमध्ये मान मोडून घेतल्यावर श्वासपटलाच्या, म्हणजे श्वास घ्यायला लागणाऱ्या छातीखालच्या पडद्याच्या, नसेला इजा झाली आणि त्यांना श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. ही नस मानेतूनच, तिसऱ्या ते पाचव्या नसांच्या मुळांपासून निघते.

मामांचा मान राखून एक सांगते. तालमीतल्या वस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या पैलवानांच्या माना मोकळ्या केल्या, हे खरं आहे. पण विशीतला पोरगा, रोज मानेचा व्यायाम केलेला, माती अंगावर घेऊन मेहनत करणारा, लचक भरलेली आणि हातात कसलीही मुंगी नाही, ही एक मान. ऐरणीवर वर्षानुवर्षं वाकून काम केलेली, चाळिशी ओलांडलेली, नस दबलेली मान वेगळी. पहिलीला जे सोसतं ते दुसरीला सोसेलच असं नाही. मामांना हे पटेल, कारण पैलवानाच्या मानेची किंमत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक?

प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टही काही रुग्णांना मानेचा झटका देतात, ते लपवत नाही. नीट तपासून, नस आणि रक्तवाहिनी ठीक असल्याची खात्री करून, योग्य रुग्णाला दिला तर बहुतेकांना काही होत नाही. तरी मी मानेसाठी तो शक्यतो टाळते. त्याला ठोस कारण आहे. मानदुखीवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात झटका आणि हळुवार हालचाल या दोन्हींचे परिणाम सारखेच निघाले. जो फायदा सावकाश, थांबवता येईल अशा हातानं मिळतो, त्यासाठी न थांबवता येणारा धक्का का द्यायचा?

तुमच्या ऑपरेशनच्या भीतीबद्दल बोलते, कारण त्या भीतीनंच तुम्हाला मामांच्या माणसाच्या दारापर्यंत नेलंय. ‘बल्ज’ हा शब्द वाचून घाबरू नका. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ माणसांचे एमआरआय काढले, २०१५ साली ते प्रसिद्ध झाले, ८७.६ टक्के लोकांच्या गादीत फुगवटा होता. आणि हातात कळ उतरलेल्यांचं काय होतं? अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात १९७६ ते १९९० या काळातल्या अशा ५६१ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. साधारण चौथ्या हिश्श्याचं ऑपरेशन झालं होतं, पण शेवटच्या तपासणीत दहातल्या नऊ जणांना एकतर काहीच त्रास नव्हता किंवा किरकोळ होता. बाहेर आलेला गादीचा भाग शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, अनेकांत काही महिन्यांत तो आक्रसतो. ऑपरेशनचा विचार मुख्यतः तेव्हा होतो, जेव्हा ताकद उतरत जाते, मज्जारज्जूवर दाब येतो किंवा नीट उपचार करूनही काही आठवड्यांत कळ हटत नाही.

तुम्ही मुंग्यांबद्दल लिहिलंत, ताकदीबद्दल काही लिहिलं नाहीत. तेच मला आधी कळायला हवं. बारीक मणी उचलताना चिमटा हातातून निसटतो का? उजव्या मनगटानं हातोडी पूर्वीसारखी उचलली जाते का? पाण्यानं भरलेली कळशी उजव्या हातानं उचलताना कोपर दगा देतं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर या आठवड्यात डॉक्टरांना भेटा, पुढच्या नाही. शर्टाची बटणं लावायला जड जाणं, चालताना तोल जाणं, मान खाली घातल्यावर पाठीतून खाली विजेचा झटका गेल्यासारखं वाटणं, लघवी रोखता न येणं, ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणं असू शकतात. त्यात एक दिवसही घालवू नका. आणि अचानक कधी न झालेली मान-डोक्याची तीव्र वेदना, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना अडकणं, चेहरा किंवा हात बधिर होणं असं झालं तर १०८ ला फोन करा, दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये लगेच जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

यातलं काही नसेल तर नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टकडं जा. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. पहिल्याच भेटीत कोणी हातांची ताकद, रिफ्लेक्स (छोट्या हातोडीनं टकटक केल्यावर हात आपोआप उडतो का ते) आणि चालणं न तपासता थेट मानेला हात घालत असेल तर उठून या. हळूहळू दिलेलं मानेचं ट्रॅक्शन, म्हणजे मान सावकाश ताणून धरणं, गादीवरचा दाब थोडा कमी करतं आणि नसेचं भोक उघडतं. काही रुग्णांना ते छान लागू पडतं. पण पंख्याच्या हुकाला पट्टा लटकवून घरी हा प्रयोग नको. त्यासोबत मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम आणि खांद्याच्या पात्यांचे व्यायाम शिकवले जातील. ते रोज करायचे असतात, सोमवार ते शनिवार सोडून रविवारी एकदम नव्हे. कॉलर लागलीच तर थोडे दिवस, डॉक्टर सांगतील तेवढीच.

राहिलं तुमचं काम. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते सरळ मानेवर असतं तेव्हा गादीवरचा भार कमी असतो; मान जितकी खाली झुकते तितका मागच्या स्नायूंना जोर लावावा लागतो आणि तो जोर गादीवरच दाब बनून येतो. तुम्ही दिवसभर तसेच बसता. म्हणून ऐरण आणि कामाचा चौरंग उंच घ्या, इतका की नजर खाली जावी पण हनुवटी छातीकडं जाऊ नये. भिंग डोळ्याला लावायचं असलं तर स्टँडवरचं घ्या, म्हणजे त्याच्यामागं मान वाकवावी लागणार नाही. दिवा समोरून हवा. आणि अर्ध्या तासानं उठाच. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिला अन्न वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपून मिळतं आणि दाब बदलत राहिला तर ही ये-जा नीट चालते. तंबाखू खात असाल किंवा विडी ओढत असाल, तर गादीसाठी ती थांबवा. निकोटिननं मणक्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

डॉक्टरांकडं जाताना एमआरआयचा कागद आणि सीडी दोन्ही न्या. कळ कुठून कुठं जाते, कधी वाढते, हात डोक्यावर घेतल्यावर कमी होते हे चार ओळींत लिहून न्या. चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा. तिथं सरळ विचारा: ‘माझी ताकद किती आहे, ती तुम्ही लिहून ठेवाल का?’ तो आकडा तारखेसह कागदावर आला म्हणजे महिन्यानंतर पुन्हा तपासल्यावर तुम्ही सुधारताय की घसरताय हे नक्की कळेल, आणि पुढचा निर्णय त्यावरच ठरेल.